चौदाचा पाना

माझगावला गोदीच्या भिंतीला लागून आमची संस्था.
पाटीवर नाव लांबलचक, त्यातली दोन अक्षरं पडलेली.
मी मागे, जाळीच्या खिडकीत.
शिकवत नाही. हत्यारं देतो,
नऊ वाजता मोजून परत घेतो.

सहाला तुकडी येते.
कुणाच्या नखांत हॉटेलातला भांड्यांचा साबण,
कुणाच्या पाठीवर कुरिअरची पिशवी तशीच.
ऑल्विन वसईहून येतो, पहिला अर्धा तास पेंगतो.
नावं मला उशिरा कळतात.
आधी कळतं कोण काय मागतं:
चौदाचा पाना मागणारा घाईतला,
फीलर गेज मागणारा वर्गात लक्ष देऊन बसलेला.
टेस्टर सगळेच मागतात
आणि टेस्टरच खिशात राहून जातो.

शेडमध्ये लिफ्ट आहे, तीन मजल्यांची.
नुसता सांगाडा.
तिसऱ्यावर दार उघडलं की समोर पत्रा,
पत्र्यावर कबुतरं.
घाग सर पाच वाजता येऊन तिच्यात एक खोड करून ठेवतात,
पोरं नऊपर्यंत ती शोधतात.
कधी सापडते.
कधी भलतीच दुसरी सापडते,
जी सरांनी केलेलीच नसते.
त्या दिवशी सर सगळ्यांना वडापाव देतात.

झुलेखा परकार आली तेव्हा सर म्हणाले,
वायरमनच्या वर्गात बघ, इथं ग्रीस फार.
ती म्हणाली, आई सतराव्या मजल्यावर भांडी घासते.
कामवाल्यांची लिफ्ट महिन्यात आठ दिवस बंद.
शेजारची चालू असते,
पण ती आईची नाही.
सर काही बोलले नाहीत.
मला खूण केली, हिला हातमोजे दे.
लहान मापाचे नव्हतेच.
दहा महिने तिनं बोटांच्या टोकांना दोरा गुंडाळून
मोठेच वापरले.

मार्चात कंपनीचा माणूस येतो.
गुणपत्रिका उलटी धरतो आणि विचारतो:
उंचीची भीती?
रात्रीचा फोन उचलणार?
स्कूटर आहे?
चाळीस भरतात, सव्वीस टिकतात,
बाकीच्यांचं काय झालं ते
माझ्या रजिस्टरात नसतं.

झुलेखाचं मात्र आहे.
शेवटची ओळ: पाना क्र. १४, वेळ सहा वीस, सही.
'परत'चा रकाना कोरा.
तपासणीचे साहेब दरवर्षी तिथं
पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढतात.
पाच झालीत.

गेल्या ऑगस्टात विक्रोळीला, कन्नमवार नगरात,
बहिणीच्या नव्या इमारतीत
लिफ्ट नवव्या मजल्यावर अडकली.
बहीण गुडघा बदलून दवाखान्यातून आलेली,
खाली वॉचमनच्या खुर्चीत दोन तास बसून.
मग स्कूटरवरून निळ्या शर्टातली बाई आली.
ओढणी कमरेला खोचलेली, खांद्यावर पिशवी.
तिनं मला ओळखलं नाही.
जाळीशिवाय मला कोण ओळखणार?
पिशवीतून तिनं पाना काढला,
दांड्यावर संस्थेचा क्रमांक.
ठोकला मीच होता, सातचा आकडा वाकडा गेलाय.

ती जिन्यानं वर गेली.
बराच वेळ वरून नुसता ठकठक आवाज.
कुणी खालून ओरडलं, होतंय का, मॅडम?
वरून ओरडली, होणारच, घाई करू नका!
तो आवाज घाग सरांचा होता, थेट.

दिवा लागला. बहीण वर गेली.
मला पान्याचं बोलायचं होतं.
म्हटलं, चहा घेणार?
म्हणाली, काका, अजून दोन तक्रारी आहेत,
एक चेंबूरला, शाळेतली.

दुसऱ्या दिवशी जुनं रजिस्टर काढलं.
'परत'च्या रकान्यात पेनानं लिहिलं:
कामावर.

काल एक नवीन पोरगा आला,
मनगटावर मासळीच्या बर्फाचे व्रण.
चौदाचा द्या, म्हणाला.
एक कमीच आहे, थांब, म्हटलं,
आणि सही नीट कर.
वाचता आली पाहिजे.